एकटं असणं, एकटं पाडलं जाणं

प्रश्न : मावशी, मी २६ वर्षांची आहे. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाला आहे आणि विश्रामबागला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. दिवसभर माणसांतच असते. सौद्याच्या वेळी तर पाणी प्यायलाही फुरसत नसते. तरी संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना पोटात खड्डा पडतो. मैत्रीण आत असली तर ठीक. नसली तर चप्पल काढायच्या आधी मी तिला फोन लावते.

मागच्या महिन्यात ती भावाच्या साखरपुड्याला तासगावला गेली होती. रात्री नऊला मी ‘जेवलीस का’ म्हणून मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. अकरापर्यंत मी २३ मेसेज केले. शेवटचा होता, ‘तुझ्यासारखी खोटारडी बघितली नाही, सामान घेऊन चालती हो.’ मग पुसायला बसले, पाच-सहा पुसले आणि हात थरथरायला लागले. सकाळी ती डब्यात माझ्या वाटणीचे लाडू घेऊन आली. रात्री फोन भाचीच्या हातात होता म्हणे, ती गाणी बघत बसली होती. मी रडले, पाया पडले, पुढे दोन दिवस तिचे कपडेसुद्धा मीच धुतले. असं चौथ्यांदा झालं. आधीच्या दोन मैत्रिणी याच पायी गेल्या. एक मुलगाही गेला.

२००५ च्या महापुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. मी सहा वर्षांची. ‘चार दिवसांनी नेतो’ म्हणून मला विट्याला आत्याकडे ठेवलं, नेलं ते दिवाळी झाल्यावर. आत्या वाईट नव्हती. पण मी रडले की म्हणायची, ‘आईबाप तिकडं चिखल उपसतायत आणि हिला रडं सुचतंय.’

मोबाईलवर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी’ नावाच्या मानसिक आजाराबद्दल एक रील बघितलं. नऊपैकी सात लक्षणं माझीच. दोन वर्षांपूर्वी एकदा हाताला इजा करून घेतली होती. आता तसं काही नाही. मला एवढंच सांगा, मी एकाकी आहे म्हणून अशी झाले, की अशी आहे म्हणून एकाकी पडले?

— नाव छापू नये, सांगली

उत्तर : मावशी म्हणालीस, म्हणजे मी तुला ‘तू’ म्हणायला मोकळी.

सगळ्यात आधी हाताचं. ‘आता तसं काही नाही’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. माझा विश्वास आहे. पण तसं पुन्हा मनात आलं, नुसतं आलं तरी, खोलीत एकटी थांबू नकोस. घरमालकिणीकडे जा, खाली दुकानात जाऊन उभी राहा आणि १४४१६ ला फोन लाव. ही ‘टेली-मानस’ची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही कोणीतरी उचलतं, मराठीत बोलता येतं. नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेव, मग पुढचं वाच.

आता रीलबद्दल. नऊ लक्षणं आणि त्यांतली किमान पाच, हा हिशेब खरा आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमावलीत हे निदान १९८० साली आलं. पण ती यादी दुकानातल्या मालाच्या यादीसारखी टिक करत जायची नसते. हा स्वभाव कधीपासून आहे, एकाच माणसाशी आहे की सगळ्यांशी, कामाधंद्यावर किती परिणाम झाला, शिवाय नैराश्य किंवा दुसरं काही सोबत आहे का, हे समोर बसवून दोन-चार भेटींत विचारावं लागतं. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नव्हे, आणि पत्रावरून निदान करणारी तर नाहीच नाही. तरी तुझ्यापासून लपवत नाही : तू जे लिहिलंयस ते त्याच दिशेचं आहे. मात्र त्या स्वभावाच्या काही छटा असणं वेगळं आणि आजार म्हणण्याइतकं सगळं जमून येणं वेगळं.

नावाला तर मुळीच भिऊ नकोस. १९३८ मध्ये अडॉल्फ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी काही रुग्णांना ‘बॉर्डरलाइन’ म्हटलं, कारण तेव्हाच्या दोन ठरलेल्या कप्प्यांपैकी (मनाला त्रास पण भान शाबूत, आणि भानच सुटलेलं) कुठल्याच एकात ते बसेनात, मधल्या सीमेवर राहिले. ते कप्पे आता कोणी तसे मानत नाही, नाव मात्र चिकटून राहिलं. मराठीत त्याला कोणी ‘सीमावर्ती’ म्हणतं. आपल्या भागात सीमावर्ती म्हटलं की डोळ्यांपुढे बेळगाव येतं, म्हणून मी तो शब्द वापरत नाही.

तुझ्या प्रश्नाकडे येते. आपल्या भाषेत तीन गोष्टी आहेत : एकटं असणं, एकटं पडणं आणि एकटं पाडलं जाणं. मी मिरजेत राहते, यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. संध्याकाळी भडंगाची वाटी घेऊन टीव्हीपुढे बसते तेव्हा मी एकटी असते. कधी सणावाराला एकटी पडते, तेव्हा वाईट वाटतं. पण मला कोणी एकटं पाडलंय असं वाटत नाही. तुझी त्या रात्रीची गोष्ट बघ. नऊ वाजता तू एकटी होतीस. साडेनऊला एकटी पडलीस. अकराला तिनं तुला एकटं पाडलं होतं, मुद्दाम, ठरवून, आणि ती खोटारडीही होती. नऊ ते अकरा या वेळात तासगावात काय बदललं? काही नाही. भाची गाणी बघत होती.

या स्वभावातला एकाकीपणा तिथं, एकटं असण्यापासून एकटं पाडलं जाण्यापर्यंतच्या त्या उडीत असतो. माणसं किती आहेत याच्याशी त्याचा संबंध थोडा. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. हे निदान असलेल्यांचा गोतावळा इतरांपेक्षा लहान होता हे खरं, पण तो फरक हिशेबातून वजा केला तरी त्यांचा एकाकीपणा जास्तच उरला. म्हणून ‘जरा चार माणसांत मिसळ’ हा सल्ला तुला लागू पडत नाही. तू चारशे माणसांत बसतेस, हळदीच्या पोत्यांच्या धुरळ्यात.

दुसरा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. संगणकावर चेंडू झेलायचा खेळ. पडद्यावर तीन खेळाडू, एक तुम्ही. बाकीचे दोघे खरे नसतातच, चेंडू कोणाला किती वेळा द्यायचा ते आधीच ठरवलेलं असतं. चेंडू येईनासा झाला की कुणालाही लागतं, मलाही लागेल. पण या स्वभावाच्या माणसांना चेंडू अगदी बरोबरीनं मिळत असतानाही आपल्याला डावललं जातंय असं वाटल्याचं आढळलं. हे वाचलं तेव्हा मला तुझ्यासारख्या कितीतरी मुली आठवल्या. त्यांना आम्ही सगळे म्हणत आलो, ‘अगं, कोणी काही केलं नाही तुला.’ खरंच कोणी केलं नव्हतं. आणि त्यांना लागलं होतं हेही खरंच होतं.

तू सांगलीची आहेस, तेव्हा तुला पाण्याच्या भाषेत सांगते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं ते तू बघितलंयस. आता हे आठव की कितीदा सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं, दोरीवरचे कपडे वाळत असतात आणि पाणी मात्र तासातासाला चढत असतं. पाऊस इथला नसतोच. तो वर पडलेला असतो, कोयनेला, महाबळेश्वरात, काल-परवा. त्या रात्री नऊला तुझ्या सांगलीत ऊन होतं. चढलेलं पाणी विट्याचं होतं.

पण म्हणून सगळं खापर महापुरावर किंवा आत्यावर फोडू नकोस. त्या वर्षी कितीतरी पोरं नातेवाइकांकडे राहिली, सगळ्यांचं असं झालं नाही. काही मुलं जन्मतःच हळवी असतात. त्यांचं पाणी लवकर चढतं आणि उशिरा उतरतं. अशा मुलाला ‘रडं कसलं सुचतंय’ हे रोज ऐकायला मिळालं, तर आपल्याला वाटतं ते खरं की खोटं हेच त्याला कळेनासं होतं. मग कोणी ऐकावं म्हणून आवाज वाढवायचा, एवढी एकच रीत हाताशी राहते. दोन्ही मिळून हा स्वभाव घडतो, अशी मांडणी मार्शा लिनेहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी केली आणि तिच्यावर उपचारपद्धतीही उभी केली. तिचं नाव डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी); पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, २०११ मध्ये, बाईंनी जाहीर सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच रुग्ण म्हणून इस्पितळात होत्या, दोन वर्षांहून जास्त. मला त्या बाईंचं कौतुक उपचारापेक्षा या सांगण्यासाठी जास्त आहे.

तर ‘आधी काय’ म्हणशील, तर दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. टाकलं जाण्याची धास्ती म्हणून तू माणूस घट्ट धरतेस, धरलेला माणूस गुदमरून हात सोडवतो, आणि तुला पुरावा मिळतो : बघा, गेलीच ना. पुढच्या मैत्रिणीला तू आणखी घट्ट धरतेस. याच्या जोडीला दुसरी बाजू आहे, तिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. ते दोन दिवस कपडे धुणं. रात्री अकराला खोटारडी, सकाळी नऊला पाया पडण्याजोगी. अगं, ती मधली आहे. साखरपुड्यात रमून तुला विसरलेली आणि लाडू मात्र आठवणीनं बांधून आणलेली, एकच बाई. माफी एकदाच माग, चांगली माग, आणि तिचे कपडे तिला धुऊ दे.

आता करायचं काय. तू हिशेबाची बाई आहेस, एक वही घाल. रोजमेळ लिहितेस तसा. डाव्या बाजूला घडलं ते, जसं सीसीटीव्हीत दिसलं असतं तसं : ‘नऊ वाजून चार मिनिटं, निळ्या खुणा, उत्तर नाही.’ उजव्या बाजूला मला काय वाटलं : ‘तिला मी नकोशी झाले.’ शेजारी मनातलं पाणी किती फूट. ४० च्या वर असेल तर मेसेज वहीत लिहायचा, फोनवर नाही. २३ च्या २३ लिही, शिव्यांसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात जेवणाच्या सुट्टीत, त्याच ओळीपुढे लाल पेनानं लिही की खरं काय निघालं. ‘भाचीकडे फोन.’ दोन महिन्यांत तुझ्याकडे तुझ्याच अक्षरातली खतावणी तयार होईल. धास्ती वाढेल तेव्हा माझं पत्र वाचू नकोस, ती वही वाच. तिच्यात एखाद-दुसरी नोंद ‘खरंच टाळलं’ अशीही निघेल. तीही लिही, लोक टाळतातही.

दुसरं. डोनाल्ड विनिकॉट नावाच्या इंग्लंडमधल्या बालरोगतज्ज्ञ मनोविश्लेषकांनी १९५८ साली एक गमतीची गोष्ट मांडली : एकटं राहायला माणूस कोणाच्या तरी सोबतीतच शिकतो. आई भाकरी थापत असते, पोर तिथंच कोपऱ्यात आपल्याशीच खेळत असतं. आई आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून ते तिला विसरू शकतं. तुला हे आता, सव्विसाव्या वर्षी शिकायचंय, आणि शिकता येतं. मैत्रिणीला सांग, संध्याकाळी वीस मिनिटं आपण दोघी एकाच खोलीत, पण बोलायचं नाही. ती तिचं करेल, तू तुझं. तू सारखी तिच्याकडे बघशील. बघ, आणि परत आपल्या कामाकडे ये. मग अर्धा तास. मग ती गच्चीवर, तू खोलीत. तासगाव त्याच्या पुढचं.

आणि हे तिच्याशी बोलशील ते पाणी उतरलेलं असताना बोल. ‘तू उत्तर दिलं नाहीस की मला भीती वाटते. तू चुकतेस असं नाही. गावाला गेलीस की झोपायच्या आधी एक ओळ टाकशील का?’ एवढंच. ती कधी विसरेल, तेव्हा वही आहेच.

हे सगळं उपचाराच्या जागी नव्हे, उपचाराला जाईपर्यंत. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात कर. या स्वभावावरची अशी खास गोळी नाही. गोळ्या देतील त्या सोबतच्या नैराश्यावर किंवा झोपेसाठी असतील, त्या डॉक्टरांना विचारून घे. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा, आठवड्याला ठरलेल्या वेळी, महिनोन्‌महिने. समुपदेशकाला पहिल्याच दिवशी विचार की डीबीटीतलं काही शिकवता का. विचारायला लाजू नकोस, हळद घेताना व्यापारी कांडी मोडून बघतोच की.

गुण येतो का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. अमेरिकेत मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनॅरिनी यांनी २९० रुग्णांना वर्षानुवर्षं गाठून विचारपूस केली. ते सगळे इस्पितळात दाखल होण्याइतक्या त्रासातले. दहा वर्षांत १०० पैकी ९३ जणांची लक्षणं किमान दोन वर्षं तरी निदानाच्या रेषेखाली राहिली. लक्षणंही उतरली आणि कामधंदा, नातीही मार्गी लागली असे निम्मे. त्याच अभ्यासात हेही दिसलं की इजा करून घेण्यासारख्या गोष्टी लवकर सुटतात, आणि पोकळी, एकटं राहवत नाही ही भावना सगळ्यात उशिरा. म्हणजे तू बरी होत असशील तेव्हाही कुलूप काढताना पोटात खड्डा पडेल. त्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ असं ठरवून औषधपाणी सोडू नकोस.

प्रश्न : मी साताऱ्यात एसटीत कंडक्टर आहे. लग्नाला तीन वर्षं झाली. मुक्कामी गाडी असली की पत्नी रात्री तीस-तीस फोन करते. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी बोलत नाही, नाहीतर ‘माहेरी जाते’ म्हणते. डॉक्टरांनी तुम्ही मागे लिहिलं होतं तोच बॉर्डरलाइनचा स्वभाव सांगितलाय, उपचार सुरू आहेत. मी भांडण नको म्हणून ‘केव्हाही फोन कर’ म्हणतो, पण भर गर्दीत कसा उचलू? आईचं म्हणणं, लाडावलीय.

— एक वाचक, गोडोली

उत्तर : लाडावलेलं माणूस तीस वेळा फोन करून घामाघूम होत नाही. आईंना एवढं सांगा आणि तो विषय तिथंच सोडा.

‘केव्हाही फोन कर’ हे मात्र आजच बंद करा. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ठामपणे सांगते. काम नवीन होतं तेव्हा एका मुलीला मी हेच म्हटलं होतं. महिनाभर उचलले, मग दमले, मग नाव दिसलं की फोन उलटा ठेवायला लागले. तिच्या लेखी मीही सोडून जाणाऱ्यांतलीच ठरले, आणि तिचं चुकलं नव्हतं. आता मी दोन वार आणि अर्धा तास सांगते, आणि त्या वेळी ताप असला तरी उचलते. न पाळता येणाऱ्या मोठ्या शब्दापेक्षा पाळलेली पाच मिनिटं अशा माणसांना जास्त पुरतात.

तर ठरवा : मुक्कामाच्या गावी पोचल्यावर पाच मिनिटं, पहाटे गाडी सुटायच्या आधी पाच मिनिटं. मधल्या फोनांना उत्तर नाही, पण हे पत्नीला आधी, घरी, चहा घेताना सांगितलेलं असावं. फोन वाजत असताना नव्हे. त्यांनी ‘माहेरी जाते’ म्हटलं की ‘जा’ म्हणू नका आणि हातापायाही पडू नका. ‘भीती वाटली रात्री, होय ना?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. कधी जीव द्यायची भाषा आली, तर ती धमकी आहे की खरं, हे आपण ठरवायचं नाही. शेजारच्यांना त्यांच्याजवळ पाठवा, डॉक्टरांना कळवा, १४४१६ लावा.

आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुमच्या मुक्कामाच्या तारखा महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा, परतीच्या वेळेसकट. ‘उद्या येतो’ असं नको. ‘दुपारी पावणेदोन’ असं. गाडीला उशीर होणार असेल तर पावणेदोन वाजायच्या आधी कळवा.